खालच्या वाट्यातली टेप

मी पहिल्यापासून तोंडाची फटकळ. त्यामुळे चूक आपलीही असू शकते, हे माझ्या डोक्यात सगळ्यात शेवटी येतं.

पेन ड्राइव्हची नवलाई होती त्या काळात मी कोल्हापुरातल्या एका इस्पितळाचा कॉम्प्युटर विभाग सांभाळायची. रुग्णांचे स्कॅन टेपांवर साठवलेले असत. कपाटाएवढं यंत्र, आत खणाखणांत टेपा आणि मागाल ती टेप उचलून वाचायला लावणारा यांत्रिक हात. कपाट एकच, पण त्याचे आम्ही दोन वाटे करून ठेवले होते. वरचे खण स्कॅनचे, खालचे ऑफिसच्या कागदपत्रांचे. भाऊबंदकीच म्हणा की! वरच्या वाट्याला खालचं दिसायचं नाही, खालच्याला वरचं.

दिवाळीनंतर कोडोलीचे एक शेतकरी बायकोला घेऊन आले. तिच्या डोक्यात गेल्या वर्षी बारीक गाठ सापडली होती आणि आता डोकं परत दुखायला लागलं होतं. डॉक्टर म्हणाले, "जुना स्कॅन नव्याच्या शेजारी ठेवून बघतो. गाठ तेवढीच असेल तर गोळ्यांवर भागेल. वाढली असेल तर ऑपरेशन." घरातली फिल्म पावसात भिजून वाया गेलेली. सगळी मदार टेपेवर.

मी टेप मागितली. यंत्र म्हणालं, नाही. परत मागितली. नाही.

"मुडद्या, गिळलीस काय?" म्हणत मी कपाटावर थाप मारली. मग कंपनीच्या इंजिनिअरला फोनवर झापलं. तेवढ्यात ते शेतकरी दारात आले.

"म्याडम, घावली काय?"

"घावली की सांगते! सारखं सारखं विचारू नका!"

"व्हय, व्हय," म्हणत ते बाकावर जाऊन बसले. भाकरीचं गाठोडं सकाळपासून तसंच बायकोच्या मांडीवर होतं.

मला माझीच लाज वाटली. कपाट उघडून बघते तर तळाशी झेंडूची एक वाळकी पाकळी.

खंडेनवमीला आपल्याकडे हत्यारं पुजतात. गवंडी थापी पुजतो, मी यंत्र पुजायची. त्या वर्षी हौसेनं पाच टेपा बाहेर काढून पाटावर मांडल्या, हळदकुंकू वाहिलं आणि माझ्याच हातांनी परत आत ठेवल्या. खालच्या वाट्यात अनोळखी टेप आल्याचा संदेशही तेव्हा पडद्यावर आला होता. पेढा खाता खाता मी तो बंद करून टाकला होता.

खालची यादी उघडली. शेवटच्या खणात आमचीच टेप! बाहेर काढून वरच्या वाट्यात घातली, यंत्राला सगळे खण पुन्हा मोजायला लावले. यांत्रिक हातानं टेप उचलली. तासाभरानं जुना स्कॅन डॉक्टरांच्या पडद्यावर आला. त्यांनी दोनदा मापं घेतली.

"तेवढीच आहे. ऑपरेशन नको."

मला रडूच कोसळलं. डोळे पुसून बाकाशी गेले. "दादा, गाठ तेवढीच आहे, ऑपरेशन नको. आणि टेप हरवली नव्हती. पूजा करताना मीच भलत्या खणात ठेवली होती. आणि वर तुमच्यावरच ओरडले."

त्यांनी बाकावर सरकून जागा केली.

"बरं झालं की. यंत्रानं खाल्ली असती तर कुणाला इचारणार हुतो?" मग गाठोड्याकडे हात करून म्हणाले, "बसा. तुमी बी सकाळधरनं उपाशीच हाय न्हवं?"

त्यांच्या बायकोनं गाठोडं सोडलं आणि अर्धी भाकरी मोडून पहिल्यांदा माझ्या हातात दिली.