प्लायवूडच्या घरातला अप्पांचा आवाज

आधीच सांगून ठेवते – भूतखेत, बाहेरचं, अंगात येणं, यातलं काही म्हणजे काही मी मानत नाही. तीस वर्षं देवासला पोरांना गणित शिकवलंय. कुणाच्या अंगात आलं की मी आधी ताप बघते. तरी हे लिहितेय, कारण माझा राग अजून उतरलेला नाही... आणि झालं ते डोक्यात बसत नाही.

माझ्या थोरल्या ताईने एकच कादंबरी लिहिली, पण ती खूप चालली. धारजवळच्या अमझेऱ्याच्या एका मास्तरांची मुलगी, तिचं वाढतं वय, बोर्डाची परीक्षा आणि पहिल्यांदा घर सोडणं. ते मास्तर म्हणजे आमचे अप्पा. ताईला जाऊन तीन वर्षं झाली. मागच्या साली फिल्मवाले आले, हिंदीत सिनेमा करतो म्हणाले. हक्क ताईच्या मुलीकडे, ऋचाकडे. तिने स्क्रिप्ट वाचून सही करून टाकली.

देवासच्या इंडस्ट्रियल एरियात एक रिकामं गोडाऊन भाड्याने घेऊन त्यांनी आत प्लायवूडचं घर उभारलं होतं. ऋचा मोठ्या हौसेने मला शूटिंग बघायला घेऊन गेली. बघते तर काय – सिनेमातले अप्पा मुलीची वही चुलीत घालतायत!

"हे कुठल्या पानावर आहे हो?" मी सरळ डायरेक्टरला विचारलं.

"आंटी, कॉन्फ्लिक्ट तो चाहिए ना."

तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. "पोरीला शिकवून काय कलेक्टर करणार?" असं म्हणणाऱ्यांना ज्या माणसाने दारातून परत पाठवलं, पहाटेच्या बसने लेकीला धारला परीक्षेला नेलं, तिचा पेपर सुटेपर्यंत उन्हात उभा राहिला, तो वही जाळेल? मेलेल्या माणसाला उलटून बोलता येत नाही म्हणून काहीही दाखवायचं?

मी ऋचाकडे वळले. "तू पास केलंस हे?"

ती खाली बघत म्हणाली, "मावशी, मला वाटलं आजोबा असेच होते. स्क्रिप्ट हिंदीत होती ना... आईची किताब मी पढलीच नाही कधी. मराठी बोलता येतं, पढायला कुठे जमतं मला?"

स्वतःच्या आईची कादंबरी! असा संताप आला की हात उगारावासा वाटला. आणि लगेच स्वतःचाही आला. जगाच्या पोरांना शिकवत बसले, घरच्या पोरीला चार ओळी वाचायला मी तरी कुठे शिकवल्या?

सीन झाला. मग साउंडवाल्याने सगळ्यांना हलू नका म्हणून सांगितलं. ते लोक सीन संपला की मिनिटभर रिकाम्या खोलीची शांतता रेकॉर्ड करतात, पुढे संवादांच्या खाली भरायला. दुपारचे तीन वाजले होते. पंखे बंद, मोबाईल बंद, चाळीस माणसं पुतळ्यासारखी. अर्ध्या मिनिटात साउंडवाला ओरडला, "अरे कौन बोल रिया है भिया?"

कुणीच बोललं नव्हतं. पुन्हा घेतलं, पुन्हा तेच. मराठी वाटतंय म्हणत त्याने रेकॉर्डिंग परत वाजवलं आणि हेडफोन ऋचाच्या कानाला लावला. तिचा चेहरा उतरला. "मावशी... छबू कोण?"

मी हेडफोन ओढून घेतला. आधी नुसती खरखर. मग एक खाकरणं, आणि अगदी स्पष्ट – "छबू, शाई भरलीस का गं?"

अप्पांचा आवाज होता. परीक्षेच्या प्रत्येक सकाळी ते ताईला हेच विचारायचे, आणि स्वतः पेन उघडून बघायचे. ताईने हे वाक्य कादंबरीत घातलं नव्हतं. "तेवढं आपल्या घरात राहू दे," म्हणाली होती मला. छबू तिला फक्त अप्पाच म्हणायचे. ते गेले तेव्हा ऋचाचा जन्मही झालेला नव्हता. आणि आवाज यायचाच तर अमझेऱ्याला यावा ना? या प्लायवूडशी आमचा काय संबंध?

डायरेक्टर म्हणाला, "बाहर किसी का रेडियो होगा." दोन्ही रेकॉर्डिंग पुसून टाकली मेल्याने. तिसऱ्यांदा नुसती शांतता मिळाली, तीच त्यांनी वापरली. घरी येताना छबूचं आणि शाईचं सगळं मी ऋचाला सांगितलं.

सिनेमा आला, वही जळली ती जळलीच. देवासच्या टॉकीजमध्ये मागच्या रांगेतून कुणीतरी म्हणालं, "कैसा बाप है यार!" माझे डोळे भरून आले. आणि शेजारची ऋचा ताडकन उभी राहिली. अख्ख्या हॉलला ऐकू जाईल अशी ओरडली, "झूठ है ये! मेरी आई की कॉपी किसी ने नहीं जलाई! मेरे आजोबा तो पेन में स्याही देखते थे!" लोक "बैठ जाओ, बैठ जाओ" करत राहिले. ती बसली नाही.

तो आवाज कुठून आला, मला आजही सांगता येत नाही. गणिताच्या बाईला उत्तर येत नाही, लिहून घ्या.

आता दर रविवारी ऋचा माझ्याकडे कादंबरी घेऊन येते. बोट ठेवून, अडखळत, एकेक पान वाचते. मी ओरडते, ती वाचते. परवा ती धारच्या परीक्षेपर्यंत पोचली आणि थांबली.

"मावशी, शाईचं वाक्य पुढे कुठे येतं?"

"नाही येत. तुझ्या आईने घातलं नाही."

तिने पानाच्या कोऱ्या कडेवर बोट ठेवलं आणि माझं पेन मागितलं. मी टोपण काढून आधी शाई बघितली आणि मग दिलं.