डाव्या बटणातली काडी

पवनेच्या काठी आमची कंपनी होती, तिथं आता तिकीट काढून माणसं फिरायला येतात. पेंट शॉपचा कॅफे झालाय आणि चिमणीखाली फोटोसाठी रांग लागते. हे बांधकाम चालू असताना मला बोलावणं आलं. पत्र्याला आकार देणारी जुनी पॉवर प्रेस बघणाऱ्यांसाठी मांडायची होती, 'त्या काळी होती अगदी तशी', आणि ती चालवलेला मी एकटाच त्यांना सापडला. बोलावणारे सल्लागार म्हणजे आमचे जुने सुपरवायझर. मी लगेच हो म्हणालो. मनात म्हटलं, आलास बरा तावडीत.

प्रेसला दोन बटणं असतात. दोन्ही हातांनी एकदम दाबली तरच वरचा डाय, म्हणजे जड साचा, खाली येतो, म्हणजे हात आत राहायची भीती नाही. पण त्यानं काम हळू होतं. म्हणून शिफ्ट सुरू झाली की सुपरवायझर सांगायचे, "काडी घाला रे." काडेपेटीतली काडी मोडून आम्ही डाव्या बटणाच्या कडेच्या फटीत ठासायचो, की ते दाबलेलंच राहायचं. मग उजव्या हातानं बटण, डाव्यानं पत्रा. असंच एका दुपारी माझ्या डाव्या हाताची तीन बोटं गेली. लोक मला उचलत होते तेव्हा याच सुपरवायझरनं वाकून काडी काढली आणि खिशात घातली. मी डोळ्यांनी बघितलं. कागदावर आलं, कामगाराचा निष्काळजीपणा. नोकरी तर गेलीच, वर भावकीत, सासुरवाडीत मी बेफिकीर ठरलो. बायकोसुद्धा एकदा भांडणात म्हणाली, "ध्यान असतं तर बोटं ऱ्हायली असती." तिला मी माफ केलं. सुपरवायझरना केलं नाही, करणारही नाही.

प्रेस पुसली, ग्रीस लावलं आणि सांगितली होती तशी मांडली. काडीसकट. लोकांत काड्या घालायचा माझा स्वभाव नाही, पण ही मी मोठ्या आवडीनं घातली.

उद्घाटनाला आमचे सुपरवायझर साहेब जाकीट घालून पाहुण्यांना फिरवत होते. प्रेसशेजारी पाटी होती, 'सुरक्षितता सर्वांत आधी'. एका बाईंनी वाकून विचारलं, "हे एकच बटण आत का गेलंय?"

"जुनं मशीन आहे, अडकलं असेल," साहेब म्हणाले.

"अडकलं न्हाई, बाई," मी म्हणालो. "काडी घातलीय. काम भरभर व्हावं म्हणून साहेबच घालायला लावायचे." आणि माझा डावा हात त्या पाटीवर ठेवला.

मला फार गोड वाटलं, खोटं कशाला सांगू. साहेब माझ्या कानाशी आले. "काढ ती. आत्ताच्या आत्ता."

मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, "या हातानं निघत न्हाई. तुमीच काढा साहेब, तुमाला सवय हाय."

साहेब वाकले, आणि सगळ्यांदेखत त्यांनी ती काढली.