सरसाचा चौरंग

हर्सूलच्या कडुबा सुताराला चिकटवायच्या वस्तूंबद्दल इचारलं की इचारणाराच दमून उठायचा. "खळीला पाणी लागलं की काम सुटलं. डिंक तर जिभेवरबी विरघळतो. डब्यातला पांढरा गोंद भिजला की दुधावानी होऊन फुगतो. लाख तेवढी पाण्याला भीक घालत नाय." आन सरस? कातडं-हाडं उकळून केलेला, त्याच्या बापाचा लाडका सरस? "कोरड्यात लोखंड, ऊन पाण्यात गुळवणी." हे त्यानंच आजवर धा जणांना शिकवलं.

म्हंजे न कळून झालं असं म्हणायची सोय नव्हती.

दोन सालापासून उजवा हात थरथरायला लागला. एका लाकडाला भोक पाडायचं आन दुसऱ्याचं टोक त्यात घट्ट बसंल असं कापायचं. त्या टोकाला कुसू म्हणतात. ते कुसूच कापता येईना. त्यानं कुणाला सांगितलं नाय, बायकोलाबी नाय. खुर्च्या, फळ्या नुसत्या सरसावर धकवायचा. कोरड्या घरात त्या धकल्याबी.

मंग त्याच्या बहिणीच्या, द्वारकाबाईच्या पोरीचं, सोनियाचं लग्न निघालं. हळदीच्या न्हाणाचा चौरंग मामानंच करून द्यावा ही त्यांच्यातली रीत. कडुबानं सागाचा केला, तोंड दिसंल असं पॉलिश मारलं. पाय मात्र सरसानं डकवलेले. चार तांबे पाण्यानं काय व्हतंय, म्हणला मनाशी.

द्वारकाबाईनं सकाळीच चौरंग धुऊन ओल्या अंगणात मांडला. पाचोडहून नवरदेवाची उष्टी हळद घेऊन त्याची आत्या पारूबाई आली, संगं सात-आठ बाया. हंडाभर कढत पाणी, तांब्यावर तांब्या. कडुबा मांडवाच्या खांबाला टेकून चौरंगाच्या पायांकडं बघत व्हता. भाचीकडं त्याचं ध्यानच नव्हतं.

सहाव्या बाईनं तांब्या ओतला आन मागचा पाय निखळला. सोनिया हळदीसकट उताणी. लागलं नाय, पर हसायची छाती कुणाची झाली नाय.

"आगं बया! न्हाणातच अपशकुन!" पारूबाईनं तोंडावर हात धरला. "पोरीचा पायगुण बघा की."

"चौरंग मोडला आत्याबाई, पोरगी नाय मोडली," द्वारकाबाई म्हणली.

"मी आपलं दिसलं ते बोलते. घरी जाऊन सांगावं तर लागंलच."

सोनिया पिवळ्या चिखलात तशीच बसलेली, मान खाली. कडुबानं खांब सोडला नाय. गप बसलं तर निभतंय. लाकूड खराब निघालं म्हणतील. पोरीला चार दिवस नावं ठेवतील, मंग विसरतील. असं त्याच्या मनानं खरंच म्हणलं. त्याची त्यालाच किळस आली.

त्यानं निखळलेला पाय उचलला आन पारूबाईपुढं धरला.

"बोट लावा, आत्याबाई."

बोटाला चिकट तार आली. "ईऽ! काय हाय हे?"

"सरस." कडुबानं पाय हंड्यातल्या पाण्यात धरला. थोड्या वेळानं वर काढला तर उरलासुरला सरस पाकावानी ओघळत व्हता. "असा विरघळतो. पोरीच्या पायगुणाचं यात काय नाय. कुसू पाडायला पायजे व्हतं. मला आता पाडता येत नाय."

समद्या बाया त्याच्या हाताकडं बघत व्हत्या. लाकडासकट तो थरथरत व्हता.

"मंग आधी सांगायचं नाय व्हय, मामा?" पारूबाईचा आवाज उतरला. "आमच्या तोंडून काय बाय निघालं."

"लाज वाटली."

शेजारून प्लास्टिकचं स्टूल आलं, न्हाण उरकलं. सोनिया त्याच्याकडं न बघताच आत गेली.

जेवताना मेव्हणा रामकिसन, सोनियाचा बाप, मुद्दाम त्याच्याशेजारी बसला. वाढप्याला हाक मारून कडुबाच्या पानात बुंदी वाढायला लावली. मंग हळूच म्हणला, "पाव्हणं, आमच्या धाकट्या पोराच्या, आकाशच्या लग्नाला चौरंग शहागंजच्या बाजारातून इकत आणू. तुमाला तकलीफ कशाला?"

चांगल्या मनानं म्हणला. तेच कडुबाला सोसंना.

"व्हय," तो म्हणला, "तिकडूनच आणा." आन खाली बघून बुंदी चिवडत राहिला.