चार कोपऱ्यांचं पोस्टकार्ड

परवा नात पुण्याहून सुट्टीला आली आणि ओट्यावर लॅपटॉप उघडून बसली. एका कंपनीचे ईमेल पाठवायचं काम आहे तिचं. मला म्हणाली, "आबा, सगळ्यांना एकच मेल पाठवला की लोक वैतागतात. म्हणून आम्ही ग्राहकांचे गट पाडतो... याला सेगमेंट म्हणतात."

मी म्हटलं, बाई गं, हे मी नरडाण्याला पोस्टकार्डावर केलंय. तिला खोटं वाटलं... म्हणून इथे लिहितो.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. धुळे जिल्ह्यात नरडाण्याला माझं बी-बियाण्यांचं आणि खताचं दुकान होतं. पावसाळ्याआधी गावोगावच्या गिऱ्हाइकांना मी छापील पोस्टकार्डं टाकायचो. कार्ड एकच, मजकूर एकच, सरसकट सगळ्यांना.

एकदा एक नाना कार्ड हातात घेऊनच दुकानात आले. कोरडवाहू शेती, विहीर फेब्रुवारीतच तळ दाखवणारी. म्हणाले, "भाऊ, मना गावमा प्याले पानी नई, अन् तुम्ही माले केळीनं खत सांगतस! थट्टा करतस का?" दुकानातले सगळे हसले. मीही हसलो, पण ते बोलणं मनाला लागलं... माणसाला ताकाची गरज आणि आपण त्याला श्रीखंडाचं आवतण द्यायचं, हे काही बरं नाही.

पुढच्या वर्षी मी दोन प्रकारची कार्डं छापून घेतली. तापीकाठच्या बागायतदारांना केळीचं आणि उसाचं. कोरडवाहूवाल्यांना बाजरी, भुईमूग, कापूस.

पत्ते लिहून झाले आणि नेमकं मला मालासाठी धुळ्याला जावं लागलं. शेजारी किसनमामांचं शिलाईचं दुकान होतं. मोठा मायाळू माणूस. "जा बिनधास्त, दोन्ही गठ्ठे मी टाकतो पोस्टात," म्हणाले. संध्याकाळी परतलो तोवर कार्डं गेलीही होती.

दोन-तीन दिवसांनी सकाळी दुकान उघडतोय, तर पायरीवर एक अक्का बसलेल्या. आमच्या जुन्या गिऱ्हाईक, पलीकडच्या गावच्या. एकुलता एक मुलगा दीपनगरला वीजकेंद्रात कामाला. त्यांच्या गावात फोन नव्हता, म्हणून तो काही निरोप असला की माझ्या दुकानात फोन करायचा आणि मी तो पोचवायचो.

अक्कांनी पदराआडून कार्ड काढलं, पण माझ्या हातात दिलं नाही. म्हणाल्या, "भाऊ, कोन गयं? खरं सांग."

मी कार्डाकडे पाहिलं. कार्डाचा एक कोपरा कापलेला होता.

आजच्या मुलांना हे माहीत नसेल. तेव्हा आमच्याकडे कोणी वारलं की कळवायचं पत्र कोपरा फाडून पाठवायचे. ज्याला वाचता येत नाही त्यालाही हात लावताच कळावं म्हणून. असं पत्र घरात ठेवत नाहीत... दाराबाहेरच वाचायचं आणि फाडायचं.

अक्कांना वाचता येत नव्हतं. पोस्टमनने कापलेला कोपरा पाहिला आणि त्याची वाचून दाखवायची हिंमतच झाली नाही. "नरडाण्याहून, भाऊच्या दुकानाचं आहे," एवढंच सांगून तो ओट्यावर ठेवून गेला. माझ्या दुकानाचं म्हणजे मुलाचंच काहीतरी, हे अक्कांनी धरलं. दुसऱ्या कुणाकडून वाचून घ्यायचा धीर झाला नाही. रात्री चूल पेटली नाही, आणि पहिल्या एसटीने त्या आल्या.

मी कार्ड घेऊन मोठ्याने वाचलं, "भुईमुगाचं नवं बियाणं आलं आहे. पेरणीआधी घेऊन जावे." अक्का माझ्या तोंडाकडे बघत राहिल्या. म्हणाल्या, "अन् मना पोऱ्या?"

नुसत्या शब्दावर त्यांचा जीव थाऱ्यावर येईना. मग दीपनगरला ट्रंककॉल लावला. लागायला बराच वेळ गेला, तोवर अक्कांनी चहाला तोंडही लावलं नाही. शेवटी मुलाचा आवाज आला, मी रिसीव्हर त्यांच्या कानाला लावला. काय बोलल्या असतील? "जेवना का रे?" बस्स... आणि पदर डोळ्याला.

आवाज ऐकून किसनमामा कात्री हातात घेऊनच आले होते. कार्ड पाहिलं आणि कात्री ठेवून पायरीवरच बसले. बाही आणि पाठ ओळखू यावी म्हणून कापडाला कट मारायची त्यांची सवय. दोन गठ्ठे मिसळू नयेत म्हणून कोरडवाहूच्या कार्डांचेही कोपरे कापले. "सवयीनं हात गया, भाऊ... हात गया," एवढंच म्हणत राहिले.

अक्कांनीच त्यांना उठवलं. म्हणाल्या, "ऊठ रे किसन. मना पोऱ्या बोलना, आते कसाले रडस?" आणि मग माझ्याकडे वळून, "ते भुईमूगनं बी दे आते. इतला लांब उनू शे."

त्या दिवशी दुकान बंद करून मी आणि मामा सायकलींवर गावोगाव फिरलो. कोणी शिव्या घातल्या, कोणी पाणी दिलं, एका घरी तर सुतक धरून बसले होते त्यांना हसवून उठवलं.

गट पाडणं मात्र आम्ही सोडलं नाही. बागायतीचं कार्ड लाल शाईत, कोरडवाहूचं निळ्या. आणि प्रत्येकावर हळदीचं एक बोट, किसनमामा स्वतः लावायचे. ते नाना पुढे मला कौतुकाने सांगत, "आते कसं, मना कामनं लिखतस!"

अक्का पुढे कितीतरी वर्षं येत राहिल्या. राम राम करायच्या आधी कार्ड पुढे धरून विचारायच्या, "चारी कोपरा शेतस ना?"

नातीने सगळं ऐकून घेतलं आणि लॅपटॉप माझ्याकडे वळवला. म्हणाली, "आबा, उद्या हा मेल जाणार आहे. एकदा बघता?" मी चष्मा लावला... आणि पहिली नजर कोपऱ्यांवर गेली.