तीन दांड्यांचे फाटक

समुद्रापारच्या बर्नाबी शहराहून निघालेल्या, कोरियातल्या जेजू बेटाच्या सहलीत एका वृद्ध कोरियन सहप्रवासिनीने मला जेरीस आणले. प्रत्येक थांब्यावर या बाई बसमध्ये सर्वांत शेवटी परतत. आता त्यांच्यापायी ज्वालामुखीचे विवर हुकणार, हे दिसताच मी तावातावाने त्यांना शोधायला गेलो. एका ओसाड दगडी घराच्या फाटकात त्या खाली पडलेले तीन आडवे दांडे दोन्ही बाजूंच्या दगडी खांबांच्या भोकांत बसवत होत्या.

"बाई, हा सहलीच्या अटींचा उघड भंग आहे!"

"हे माझं माहेर. या बेटावर दांडे खाली म्हणजे माणसं घरात, तिन्ही वर म्हणजे दूर गेलेली. आम्ही सगळे तर बर्नाबीत. मग घरानं खोटं का सांगावं?"

असत्य विधान दुरुस्त करणाऱ्याला कोणत्या कायद्याने अडवावे? तिसरा दांडा त्यांना उचलवेना. बसचा भोंगा वाजत असताना मी चरफडत त्याचे दुसरे टोक धरले.