गोल फिरणारा हात

भिंगकाकांनी सदतीस वर्षं कारखान्यात चष्म्याच्या काचा घासल्या. माणूस निवृत्त झाला, हात मात्र झाला नाही. समोर गुळगुळीत काही दिसलं की उजवा हात आपोआप गोल फिरायला लागायचा. ताट पुसणार ते गोल, टेबल पुसणार ते गोल. बोलता बोलता समोरच्याच्या नाकावरचा चष्माच उतरवून घेत, सदऱ्याच्या टोकाने घोटत आणि परत चढवत. तो बिचारा तेवढा वेळ भलत्याच दिशेला मान डोलावत बसायचा. पण काच भिंगकाकांच्या हातात आली आणि तिच्यावर चरा राहिला, असं आयुष्यात झालं नव्हतं. त्या गुर्मीनेच घात केला.

घात झाला तो एका सीडीवर. साधीसुधी सीडी नव्हे ती; काकूंच्या आईचा आवाज होता तिच्यात. म्हातारी जाण्याच्या वर्षभर आधी काकूंच्या धाकट्या बहिणीने स्वयंपाकघरात टेपरेकॉर्डर लावून ठेवला होता. अकरा मिनिटं म्हातारी मांजरीला रागे भरते, डब्याची झाकणं शोधते, लेकींना हाका मारते. पुढे फोटो स्टुडिओवाल्याने कॅसेटची सीडी करून दिली आणि मूळ कॅसेटला बुरशी लागली. म्हणजे म्हातारीचा आवाज जगात उरला तो या एका चकतीवर.

आणि अशा चकतीवर काकांनी चहाचा कप ठेवला! गोल, चकचकीत, कपाला अगदी मापाची. वर कप सरकवलाही.

गुरुवारी काकूंनी ती कपाखालून उचलली तेव्हा चकाकणाऱ्या बाजूवर मांजर नाचून गेल्यासारखे ओरखडे. प्लेअरमध्ये घातली तर आतून नुसती खरखर.

"रविवारी चारला धाकटी येतेय," काकू म्हणाल्या. "सहा वर्षांनी येतेय. येतेय ती आईला ऐकायला, तुमचं तोंड बघायला नव्हे."

"अगं, एवढंच ना? काचांच्या मानाने ही म्हणजे लोणी! तासाभरात आरसा करून देतो."

झालं. जुना बनियन फाडला, दातांची पेस्ट घेतली, कपाळाला आठी घातली आणि काका लागले घोटायला. गोल, गोल, गोल. चकती अशी झळकली, की तिच्यात बघून दाढी करावी. थाटात प्लेअरमध्ये घातली. सकाळी निदान खरखर तरी होत होती, आता तीही बंद. पडद्यावर अक्षरं आली, 'डिस्क नाही'.

"नाही कशी? मी काय आत पापड घातलाय?" काका प्लेअरवर ओरडले.

शुक्रवारी साबणाचं पाणी झालं, स्पिरिट झालं, पुन्हा पेस्ट झाली. दर वेळी तेच दोन शब्द. काका प्लेअरला थापट्या मारून बघत, प्लेअर चकती बाहेर काढून दाखवी, जीभ दाखवावी तशी. जेवताना घास हातात आणि डोळे चकतीवर. सदतीस वर्षांची विद्या एका दमडीच्या चकतीने मातीत घातली होती.

शनिवारी नाइलाजाने त्यांनी स्टुडिओवाल्याला फोन केला.

"घासताय कसं?" त्याने विचारलं.

"कसं म्हणजे? गोल. घासतात तसं."

मग तो म्हणाला, "काका, सीडीवरचं लिखाण गोल ओळींत असतं. गोल घासलंत तर अख्खी ओळ खोडली जाते. आडवा ओरखडा एखाददुसरं अक्षर खातो, तेवढं मशीन सावरून घेतं. मधल्या भोकापासून काठाकडे सरळ पुसा, चाकाच्या आऱ्यांसारखं. वर नाव लिहिलेल्या बाजूला हात लावू नका. हलक्या हाताने केलंत तर अजून निघेल."

ऐकायला सोपं! काका बसले. एक रेघ सरळ गेली, दुसरी गेली, तिसरीला मनगट वळलंच. पुन्हा सुरुवात. पुन्हा वळलं. रविवारी दुपारी दोन वाजता काकांनी बोळा भिरकावला.

"हा हात माझा नाहीच! कारखान्याचा आहे! त्यांनाच परत द्यायला हवा होता!"

काकू दारात उभ्या राहून बघत होत्या. तीन दिवसांत पहिल्यांदाच त्यांचा आवाज जरा खाली आला.

"डावा हात कारखान्यात काय करायचा?"

"काही नाही. काच धरायचा नुसता."

"मग त्याला गोल फिरणं येतच नसेल. बसा त्या उजव्यावर."

"काय?"

"हातावर बसा म्हणतेय. चकती मी धरते."

आणि भिंगकाका, ज्यांच्या हाताखाली सहा माणसं शिकली, उजवा हात बुडाखाली दाबून, डाव्या हाताने पाटीवर पहिली रेघ ओढणाऱ्या पोरासारखे पुसू लागले. काकूंनी चकती काठाने धरली होती आणि दर रेघेला थोडी फिरवत होत्या. रेघा वाकड्यातिकड्या आल्या, पण भोकापासून काठाकडेच गेल्या. चकती आता दिसायला गचाळ झाली, धुरकट, रेघारेघांची. काकांना बघवेना.

चारला धाकटी आली. चप्पल काढायच्या आधीच म्हणाली, "लावा भाऊजी."

काकांनी चकती घातली आणि भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. खरखर झाली. मग मांजरीला एक सणसणीत शिवी. दोघी बहिणी एकदम हसल्या आणि एकदम प्लेअरजवळ सरकल्या. झाकणं वाजली. चार मिनिटं म्हातारी घरभर वावरली. मग अडकली.

"थोरले, जेवलीस का? ...जेवलीस का? ...जेवलीस का?"

"माझाच गोल ओरखडा," काका चरफडले आणि बटणाकडे धावले. "पुढची सात मिनिटं गेली! काढतो, आणखी एकदा पुसतो..."

"खबरदार हात लावाल तर!" काकूंनी त्यांचं मनगट धरलं. डोळ्यांतून पाणी आणि आवाजात दरारा. "आई अशीच विचारायची. दहादा."

"आणि तू दहादा हो म्हणायचीस," धाकटी म्हणाली.

"जेवलीस का? ...जेवलीस का?"

"हो गं, जेवले," काकू प्लेअरला म्हणाल्या.

काका खुर्चीत बसले. सात मिनिटं त्या धुरकट चकतीत तशीच होती, नीट पुसली तर कदाचित निघालीही असती. उजवा हात शिवशिवत होता. त्यांनी तो निमूट उचलला आणि पुन्हा त्यावर बसले.