हजार वेळा वसवलेलं शहर

कॉलेजात त्यांचं खरं नाव फक्त पाटीवर होतं. मुलांच्या तोंडी त्या ‘कशावरून बाई’. समाजशास्त्राच्या तासाला कोणी उठून ठणकावलं, की हल्ली माणसं एकमेकांकडे जातच नाहीत, की बाई चष्मा कपाळावर सरकवायच्या आणि विचारायच्या, “कशावरून?” त्यात राग नसे. शेजारणीने नव्या भाडेकरूची चौकशी करावी, तसा आपुलकीचा सूर असे.

तरुणपणी त्या घरोघर फिरून लोकांना घरगुती भांडणांविषयी प्रश्न विचारत आणि रविवारी नवऱ्याला समोर बसवून उत्तरांच्या बेरजा करून घेत. ते बिचारे म्हणत, की गावभरच्या भांडणांच्या बेरजा करता करता आमचं स्वतःचं भांडण राहूनच गेलं.

बाईंची निवृत्ती आता दृष्टिपथात आली होती आणि तेव्हाच त्यांच्या डोक्यात हे नवं खूळ शिरलं. शहरातला एक बसमार्ग बंद होणार अशी बोलवा होती. दुसऱ्या वर्षाच्या वर्गात त्यावरून जुंपली. अर्ध्या वर्गाचं म्हणणं, लोकांचे हाल होतील. उरलेले म्हणत, दोन दिवस कुरकुरतील आणि दुसरी वाट धरतील. बाईंना वाटलं, संगणकात अख्खं शहरच उभं करावं. प्रत्येक माणसाला घर द्यावं, वय द्यावं, थोडा स्वभाव द्यावा, मग बस काढून घ्यावी आणि काय होतं ते बघावं. पण माणसाचा काय नेम? एकाच सकाळी तो बस धरेल, चालत निघेल किंवा घरीच बसेल. म्हणून ते शहर एकदा चालवून भागणार नव्हतं, हजार वेळा चालवायला हवं होतं. मुलांनी तसं चालवून पाहिलं, तर वर्गातला संगणक एका खेपेतच धापा टाकू लागला.

ग्रंथालयामागच्या इमारतीत विद्यापीठाचा मोठा संगणक होता. शेकडो संगणक एकत्र जुंपलेले, एकच काम वाटून घेऊन करणारे. तो हवामानवाल्यांचा आणि भौतिकशास्त्रवाल्यांचा, असंच सगळे धरून चालत. बाईंनी तो मागायचं ठरवलं, तेव्हा विभागातले एक सहकारी म्हणाले, “माणसं मोजायची नसतात, समजून घ्यायची असतात.” हे वाक्य बाईंनी स्वतःच कितीदा तरी वर्गात म्हटलेलं होतं, त्यामुळे ते जरा लागलंच.

घोडं खरं अडलं होतं ते वेगळ्याच ठिकाणी. बाईंना ईमेलपलीकडे काही येत नव्हतं. शेवटी त्यांनी सुनेला गाठलं. सून सॉफ्टवेअरच्या कंपनीत होती. जेवणं आटोपली, की टेबल पुसून सासू-सुना लॅपटॉपपुढे बसू लागल्या.

“अहो आई, इथे माउस नाही चालत. काय हवं ते लिहून सांगायचं.”

“म्हणजे पत्र लिहायचं?”

“चिठ्ठी. आणि अगदी थोडक्यात. त्याला तुमच्यासारखं पाल्हाळ कळत नाही.”

बोलून गेल्यावर सुनेने जीभ चावली. बाई मात्र इतक्या हसल्या, की आतल्या खोलीतून बाईंचे यजमान काय झालं ते बघायला आले.

मोठ्या संगणकाचे प्रमुख बारा महिने स्वेटर घालत, कारण ती खोली कायम गारठलेली असे. मुलं त्यांना स्वेटरवाले सर म्हणत. त्यांनी नाखुशीनेच परवानगी दिली, आणि पहिल्याच दिवशी हात दाखवून अवलक्षण झालं. बाईंनी सांगितल्याप्रमाणे वर्गातल्या एकूण एक मुलाने आपल्या हजार खेपा सुट्या सुट्या पाठवल्या. कामांची रांग तुंबली, हवामानवाले खोळंबले आणि स्वेटरवाले सर तरातरा वर्गात आले.

“बाई, तुमच्या पोरांनी अख्खं यंत्र अडवलंय.”

“पोरांचं काही चुकलं नाही, मीच तसं सांगितलं,” बाई म्हणाल्या. “कसं पाठवायचं ते तुम्ही शिकवाल का?”

झाडायला आलेल्या माणसाच्या हातात त्यांनी खडू ठेवला. सर क्षणभर घुटमळले, मग फळ्याकडे वळले. कॅन्टीनमध्ये प्रत्येकाने वेगळा कप मागितला तर बाकीच्यांनी काय करायचं, असं ते म्हणाले. एकानेच सांगा, किटली भरून घ्या आणि आपापसांत वाटा. तास संपल्याची घंटा त्यांना ऐकूच आली नाही.

पुढच्या आठवड्यात उत्तर आलं. बस बंद झाली तरी फारसं बिघडत नाही. जवळजवळ प्रत्येक खेपेला तेच. ‘दुसरी वाट धरतील’वाले खूश झाले. तेवढ्यात कधी न बोलणारी एक मुलगी उभी राहिली.

“बाई, ह्या शहरात माझी आजी नाही.”

वर्ग हसला. बाई हसल्या नाहीत. त्यांनी तिला नीट सांगायला लावलं. शहरातला प्रत्येक माणूस नोकरीला तरी जात होता, नाहीतर शाळेला. तिची आजी यातलं काहीच करत नव्हती. ती त्या बसने बहिणीकडे जाऊन बसत असे. अशा कोणाला शहरात जागाच नव्हती.

बाई म्हणाल्या, “आपण घातलीच नाही, ती आजी ते यंत्र आणणार कुठून? बसल्या जागी उंटावरून शेळ्या हाकल्या आपण.”

मग वर्ग थांब्यांवर जाऊ लागला. दुपारच्या उन्हात बाकांवर बसून मुलं लोकांना विचारत होती, कुठे निघालात, कोणाकडे, बस नसती तर काय केलं असतं. ते सहकारीही एक दिवस आले आणि एका निवृत्त शिंप्याशी गप्पा मारता मारता त्याच्याबरोबर बसमध्येच चढले.

शहर पुन्हा वसवलं. या वेळी कामावर जाणाऱ्यांचं फार बिघडलं नाही, पण घरात एकटी राहणारी म्हातारी माणसं बाहेर पडेनाशी झाली. किती, ते दर खेपेला बदलत होतं. पडेनाशी होत होती हे मात्र बदलत नव्हतं. मुलांनी ते बसच्या कचेरीत नेऊन दाखवलं. तिथल्या अधिकारी महिलेने शांतपणे ऐकून घेतलं. मार्ग पूर्ण वाचला नाही. दुपारच्या फेऱ्या तेवढ्या राहिल्या. मुलं नाचू लागली तेव्हा बाईंनी त्यांना आवरलं. थांब्यांवरच्या लोकांनीही तक्रारी केल्या होत्या, सगळं श्रेय आपलं नव्हे, असं त्यांनी बजावलं. पण घरी येऊन सुनेला त्यांनी तीच हकिगत दोनदा सांगितली.

आता या सगळ्याचा अभ्यासक्रमच झालाय. पहिला तास स्वेटरवाले सर घेतात आणि वेळेआधी येऊन बसतात. यंदाच्या मुलांनी वेगळाच विषय काढलाय: कॉलेज तासभर लवकर भरलं तर कोणाचं शिक्षण सुटेल? परवा वाद रंगला होता तो शहरातल्या माणसांना आळस द्यायचा की नाही यावर. एक म्हणत होता, सगळ्यांना सारखा द्या. दुसरी म्हणत होती, पहाटे भावंडांचं आवरून येते तिला आळशी कसं म्हणायचं? बाईंनी खिडकीजवळची खुर्ची ओढली आणि मध्ये न पडता त्या ऐकत बसल्या.